आईचं माहेर कुठलं?

सरांनी पहिल्याच दिवशी माझं मनगट धरलं तेव्हा मी नोकरी सोडून घरी जायच्या तयारीत होते. खरं तर नोकरी अजून लागायचीच होती. सुरतेत रिंग रोडवरच्या त्या तपासणी केंद्रात मी सर्टिफिकेटांची फाइल छातीशी धरून उभी होते. समोरून साठीकडे आलेला एक ठेंगणा माणूस आला. अंगात पांढरा कोट, कोटाच्या खिशात कोथिंबिरीची जुडी. नाव नाही, गाव नाही, त्यानं सरळ माझ्या मनगटाभोवती अंगठा आणि मधलं बोट गुंडाळलं, बोटं एकमेकांवर किती चढतात ते पाहिलं आणि विचारलं, "तुझ्या आईचं माहेर कुठलं?"

मी इतकी दचकले की हात सोडवून घ्यायच्या ऐवजी उत्तरच देऊन बसले. "अमळनेरकडचं."

"खानदेशी हाड," ते स्वतःशीच म्हणाले. "बारीक, पण चिवट. सोमवारपासून ये."

हीच माझी मुलाखत. फाइल कुणी उघडलीसुद्धा नाही. घरी जाऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बाई, त्या माणूसना हात तपासाले पायजे." नंतरची सगळी वर्षं मला रोज काही ना काही धक्का बसत राहिला, आणि त्याची सुरुवात अशी झाली.

काम मला हाडांची घनता मोजायच्या मशीनवर मिळालं. पेशंटला पलंगावर झोपवायचं, पाय स्पंजच्या ठोकळ्यावर ठेवायचे, मशीनचा हात वरून सरकत जातो आणि कमरेच्या मणक्याचं, खुब्याचं चित्र पडद्यावर येतं. शेवटी एक पट्टा उमटतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे हाड ठिसूळ झालंय. पण त्याआधी मशीनला चार गोष्टी भराव्या लागतात : वय, उंची, वजन आणि वंश. मशीन परदेशी. त्याच्या यादीत गोरे होते, काळे होते, आशियाई होते, आणि कुठल्याशा सुधारणेत भारतीयही येऊन बसले होते. तुम्ही जे भराल त्या लोकांच्या तरण्या, धडधाकट हाडांशी मशीन समोरच्या बाईचं हाड ताडून बघतं. म्हणजे बाई तीच, हाड तेच, पण रकाना बदलला की पट्ट्याचा रंग बदलू शकतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मशीनपासून दोन पावलं मागे सरले होते.

हा रकाना आमच्याकडे फक्त सर ठरवायचे. मशीनला ते बोट लावत नसत, रिपोर्ट तेवढा वाचायचे. पण पेशंट पलंगावर चढायच्या आधी पडदा सारून आत यायचे, मनगट धरायचे आणि विचारायचे. मराठी असेल तर, "तुमच्या आईचं माहेर कुठलं?" गुजराती असेल तर आपल्या वऱ्हाडी जिभेनं, "बेन, मम्मीनुं पियर कयुं गाम?" बायका आधी गडबडायच्या, मग लाजायच्या, मग सांगत सुटायच्या. अमरेली, गंजम, जौनपूर, शहादा. सरांचा चेहरा खुलायचा. "असं शहर दुसरं नाही बाप्पा," ते मला म्हणायचे. "एका लिफ्टमध्ये पाच मुलखांची हाडं उभी राहून राहिली."

आणि हे फक्त पेशंटपुरतं नव्हतं. आमच्या केंद्राचे मालक, म्हणजे शेठ, त्यांचं मनगट त्यांनी दिवाळीच्या पूजेत सगळ्यांसमोर धरलं होतं. चलान फाडायला आलेल्या ट्रॅफिक पोलिसाचं धरलं होतं, तो खुळ्यासारखा बघतच राहिला आणि चलान राहून गेलं. एकदा एक पारशी म्हातारी आली. सर तिला कौतुकानं म्हणाले, माजी, तुमची हाडं इराणहून आलीत. तिनं चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अने तारी जीभ क्यांथी आवी, डीकरा?" तुझी जीभ कुठून आली, हा तिचा टोला सर स्वतःच सगळ्यांना सांगायचे आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे.

सर एकटे राहायचे. जेवणात रोज स्वतः थापलेली ज्वारीची भाकरी आणि झुणका, तोही आमच्या एक्स-रे रूमच्या दाराशी उभ्यानं. बसून जेवलं की विचार थांबतो म्हणे. शेठ सुरतेच्या वाफाळत्या लोचोची प्लेट पुढे करायचे तर हे त्यांना भाकरीचा तुकडा द्यायचे. शेठ तो मुकाट्यानं खायचे, कारण हाडाचा फोटो वाचणारा असा माणूस सुरतेत दुसरा नाही हे त्यांना माहीत होतं.

भांडण मात्र एकाच गोष्टीवरून. शेठचं म्हणणं, मशीन परदेशी आहे तर माप पण परदेशी ठेवा, मोठमोठे डॉक्टर तसंच ठेवतात. परदेशी मापानं आमच्या निम्म्या बायका पिवळ्या-लाल निघायच्या, आणि लाल पट्ट्याचा पेशंट परत येतो हे शेठना कुणी शिकवायची गरज नव्हती. सर उसळायचे. "मशीन सावली मोजते, शेठ! बारीक हाडाची सावली फिकी पडते. म्हणून ते हाड वाईट काहून? या बाईच्या आईचं हाड बारीक, आजीचं बारीक, पिढ्यान् पिढ्या बारीक. ते रक्तातच आहे. गोऱ्या बाईच्या मापाचं झंपर हिला घालून तुम्ही म्हणून राहिले की ही वाळली!" आवाज खालच्या पानवाल्यापर्यंत जायचा.

हा राग कुठून आला होता ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही भाकरी खाताना, भिंतीकडे बघत. त्यांची थोरली बहीण चांगली हिंडती-फिरती होती. कुणीतरी तिची तपासणी केली, परदेशी मापानं लाल पट्टा आला. घरच्यांनी घाबरून तिला बादली उचलू दिली नाही, जिना चढू दिला नाही, अंगणात जाऊ दिलं नाही. ती खुर्चीत बसली ती बसलीच. पायांतलं बळ गेलं आणि मग खरंच तिला उभं राहता येईना. "तिचं हाड कधीच मोडलं नाही," सर म्हणाले. "शेवटपर्यंत नाही. ती भीतीनं गेली." त्यानंतर त्यांनी ठरवलं होतं की आपल्या हातून कुठल्याही बाईला उगाच लाल म्हणायचं नाही. मी ते ऐकून हातातला डबा तसाच बंद केला. इतकी वर्षं आम्ही ज्याला हट्ट समजून हसत होतो त्याच्याखाली हे होतं.

तरी त्यांचा हा हट्ट मधूनमधून अंगाशी यायचा. एकदा भरूचकडच्या एक सिद्दी, म्हणजे पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्या समाजातल्या, बाई आल्या. शाळेत शिक्षिका, सोबत तरुण मुलगा. सरांनी मनगट धरून नेहमीचा प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, राजपिपळा. सरांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, केसांकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "काळे भर." मुलाला मशीनचा पडदा दिसत होता. तो असा तापला की मला वाटलं आता मशीन फुटतं. "अमे गुजराती छीए!" तो ओरडला. "सात पेढीथी!" सात पिढ्या इथल्याच, हे तो पुन्हापुन्हा सांगत राहिला. सर त्याला समजवायला लागले, की आफ्रिकेतली हाडं भक्कम असतात, त्यात कमीपणा काय, उलट मापच कडक लागतं, भारतीय मापानं हिरवं दिसेल ते या मापानं पिवळं निघेल. त्यांना वाटत होतं आपण बाईंचा मान वाढवतोय. बाई मात्र शांत होत्या. पलंगावर झोपल्या झोपल्याच म्हणाल्या, "साहेब, हाडकुं जुओ ने. मोढुं शुं जुओ छो?"

हाड बघा, तोंड काय बघता, असं सरांना कुणी पहिल्यांदाच सुनावलं. त्या दिवशी त्यांनी दोन्ही मापांचे रिपोर्ट काढून दिले, मुलाची माफी मागितली आणि खाली जाऊन त्याला उसाचा रस पाजून आले. मला वाटलं, आता हे खूळ सुटेल. कुठलं काय! दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नव्या भाडेकरूचं मनगट त्यांच्या हातात होतं.

माझ्या आईला मीच तपासायला आणलं होतं. आई सुरतेतल्याच डिंडोलीत राहते, माझ्याच घरात. वडील कापडाच्या लूमवर कामाला होते, ते गेल्यापासून ती घरी बॉबिन भरायचं काम करायची. पाठ दुखते, दुखते म्हणायची. सर तिला बघून भलतेच खूश झाले. स्टूल ओढून तिच्यासमोर बसले, मनगट धरलं. "ताई, तुमच्या आईचं माहेर कुठलं?" आईनं सांगितलं, पारोळ्याजवळचं खेडं. "म्हणजे दोन्हीकडून खानदेश!" त्यांनी मला भारतीय भरायला सांगितलं. पट्टा हिरव्याच्या अगदी खालच्या कडेला, पण हिरवा. सर म्हणाले, "चिवट हाड आहे, ताई. खुशाल काम करा. घाबरून बसू नका." आई खूश, मी खूश. ती परतताना रिक्षात मला म्हणाली, माणूस येडा शे, पण भला शे.

पुढच्या हिवाळ्यात आईनं बॉबिनचं पोतं उचललं आणि तिथेच खाली बसली. पडली नाही, घसरली नाही, कुणाचा धक्का नाही. रोजचं पोतं, रोजच्यासारखं उचललं. तिला ओरडताही येईना, इतकी कळ आली. मी तिला तशीच रिक्षात घालून केंद्रात आणलं, एक्स-रे काढला, कमरेला पट्टा बांधून शेजारणीबरोबर घरी पाठवलं आणि फिल्म घेऊन सरांकडे गेले.

सरांनी फिल्म उजेडावर लावली. मी काही डॉक्टर नाही, पण इतकी वर्षं मणके बघतेय. दोन मणके समोरून दबून चपटे झाले होते.

"कोणाची आहे?" त्यांनी विचारलं.

"आईची."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच भीती वाटली. "पडल्या?"

"नाही. पोतं उचललं."

त्यांनी त्या दोन मणक्यांवरून बोट फिरवलं. मग अगदी हळू आवाजात, माझ्याकडे न बघता विचारलं, "त्यांच्या आईचं काय झालं होतं?"

"आजीचं? ओट्यावरून उतरताना पडली. खुबा मोडला. मग अंथरुणातच होती, तशीच गेली. मी लहान होते."

"म्हातारी होती?"

"नाही हो. आईच्या आत्ताच्या वयाचीही नसेल. आजीच्या बहिणीचंही तसंच झालं म्हणतात."

सर भिंतीला टेकले. "हे मले काहून नाही सांगितलं?"

आणि मला काय झालं कोण जाणे, इतक्या वर्षांत ज्यांच्यासमोर आवाज चढवला नाही त्यांच्यावर मी ओरडले. "तुम्ही विचारलंच नाही! तुम्ही माहेर विचारलं. ती माहेर सांगून मोकळी झाली. तिची आई कशानं गेली हे विचारलंत का कधी? कुणाला विचारलंत?"

एक्स-रे रूमच्या दारात शेठ येऊन उभे होते. सर खाली बसले. खुर्चीत नाही, जमिनीवर, फरशीवर, कोटासकट. बाहेर पेशंट खोळंबले होते, कुणी आत डोकावत होतं. सर नुसते मान हलवत होते. "एवढ्या बायांना विचारलं," ते म्हणाले, "आणि माहेरच्या दाराशी जाऊन परत आलो."

मला वाटलं ते आता घरी जातील. ते उठले, कोट झटकला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चाल. पलंगावर झोप."

"कोण? मी?"

"आजी, आई, मग तूच ना पोरी."

मी चाळिशीही गाठलेली नाही. हा विचार मला शिवलाच नव्हता. रोज बायकांना झोपवते, त्यांच्या पायांखाली ठोकळा सरकवते, आणि त्या दिवशी तोच गार ठोकळा माझ्या पोटऱ्यांखाली आला. मशीनवर सर बसले. त्यांना बटणं सापडेनात, मी पलंगावरून सांगत होते, वरचं, त्याच्या बाजूचं. वंशाच्या रकान्याशी येऊन ते थांबले. तो भरल्याशिवाय मशीन पुढे जात नाही.

"तुझं काय भरू?" त्यांनी विचारलं.

आजवर त्यांनी हे कुणालाच विचारलं नव्हतं. मला रडू यायला लागलं. "काहीही भरा," मी म्हटलं. "दोन्ही बघा."

दोन्ही बघितलं. परदेशी मापानं लाल. भारतीय मापानं पिवळा, तोही लालला टेकलेला. मी पलंगावरूनच मान वळवून पडद्याकडे पाहत होते. रोज बघते तो पट्टा आणि रोज बघते तो रंग, तरी मला तो वाचता येईना. सरांनी काही लपवलं नाही, काही गोड केलं नाही. एवढंच म्हणाले, "मुलखाचं नाही हे. तुमच्या घरातलं आहे. मी गाव शोधत बसलो."

त्या संध्याकाळी ते माझ्या स्कूटीवर मागे बसून डिंडोलीला आले. आमच्या गल्लीतल्या बायका जिना चढून दारात आल्या, कारण पांढरा कोट तसाच अंगात होता. आई कमरेला पट्टा बांधून कॉटवर टेकून बसली होती. सर आत आले आणि काही कळायच्या आत खाली वाकून त्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. आई पाय मागे घ्यायला गेली, तर कळ आली. "ओ भाऊ! आसं काय करतंस! ऊठा ना!" दारातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

"ताई, मी चुकलो," सर सगळ्यांसमोर म्हणाले. "तुमचं हाड चांगलं आहे म्हणालो. ते चांगलं नव्हतं. तुमच्या आईचं विचारलं असतं तर औषध तेव्हाच सुरू झालं असतं."

मग त्यांनी औषधाचं सांगितलं. वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं, दबलेला मणका त्यानं परत उभा राहत नाही, पण पुढचे वाचतील. आई चालेल, हिंडेल. आई ऐकत होती, मान डोलवत होती. सगळं झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुनं तोंड आसं का व?" 

मी सांगणार नव्हते, पण आईसमोर माझा चेहरा कधी खोटं बोलला नाही. सांगून टाकलं. तपासणी केली, माझंही तसंच निघालं.

आईनं माझा हात ओढून घेतला आणि मनगट चाचपलं. तिची बोटं गार होती.

"दुसरं काही देता उनं नही माले," ती म्हणाली. "ना सोनं, ना घर. आनि हाड दिधं, ते बी आसलं."

मी तर कोसळलेच. दारातली शेजारीण डोळे पुसायला लागली. मी सरांकडे पाहिलं, की आता हे काहीतरी बोलतील, शेठला गप्प करणारा, प्रत्येक गोष्टीला उत्तर असलेला हा माणूस आईला काहीतरी सांगेल. ते सरळ सरळ रडत होते, लहान मुलासारखं, नाक ओढत.

आतल्या खोलीतून माझी मुलगी मोबाइल हातात घेऊन बाहेर आली. सहावीत आहे. "मम्मी, शुं थयुं?" तिनं विचारलं.

सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचं रडू एकदम थांबलं. मला वाटलं, आता मनगट धरतील, आता विचारतील. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"हिचं हाड अजून बनून राहिलं," ते म्हणाले. "ताई, हिचं अजून बनतंय! रक्तातून आलं ते आलं, पण या वयात हाड जेवढं भरेल तेवढं भरतं. पोरी, तू उड्या मारतेस का?"

"उड्या?" तिनं माझ्याकडे पाहिलं.

"उड्या! दोरीवरच्या, बिनदोरीच्या, कशाही. ऊन, दूध, भाकरी, आणि उड्या. फेक तो मोबाइल. अशा!"

आणि त्यांनी चपला काढल्या, कोट सावरला आणि आमच्या दहा-बाय-बाराच्या खोलीत, कॉट आणि फ्रिजच्या मधल्या जागेत, दोन्ही पायांवर उड्या मारायला सुरुवात केली. साठीतला माणूस, कोटाच्या खिशातली पेनं बाहेर उडताहेत, फ्रिजवरची भांडी वाजताहेत. खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी ठोकली. आम्ही सगळ्या थिजून बघत होतो.

"ओ भाऊ!" आई कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ओरडली. "पडी जाशात ना! तुमनं हाड मोडी!"

"मोडू द्या!" सर हवेतूनच म्हणाले. माझ्या मुलीनं मोबाइल कॉटवर टाकला आणि ती त्यांच्यासमोर उभी राहून उड्या मारायला लागली.